'कशाच्या तुलनेत?' : ऑनलाइन स्व-व्यवस्थापन कार्यक्रमांच्या चाचण्यांची गोष्ट

पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात हल्ली एक आराखडा तयारच असतो. मधुमेह, दमा किंवा गुडघेदुखी असलेल्या लोकांसाठी एखादं ॲप किंवा वेबसाइट बनवायची, शंभरेक जणांना वापरायला द्यायची, आधी एक प्रश्नावली, नंतर तीच प्रश्नावली, आणि मधला फरक काढायचा. आरआरसीसमोर हे ठेवलं की समितीतलं कोणीतरी विचारतं, "फरक पडला, पण कशाच्या तुलनेत?" आणि उमेदवार गाईडच्या तोंडाकडे बघतो.

हा प्रश्न समितीने तुम्हाला अडवायला शोधून काढलेला नाही. या क्षेत्राचा सगळा इतिहासच या प्रश्नाभोवती फिरतो, असं माझं मत आहे. म्हणून आज निष्कर्षांपेक्षा चाचण्या कशा रचल्या गेल्या, त्याची गोष्ट सांगतो. सिनॉप्सिस लिहिण्याआधी ही माहीत असलेली बरी.

सुरुवात इंटरनेटच्या खूप आधी होते. १९७९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग या परिचारिकेने संधिवाताच्या रुग्णांसाठी एक अभ्यासवर्ग उभा केला. त्या तेव्हा बर्कलीला सार्वजनिक आरोग्यात डॉक्टरेट करत होत्या, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्याच विद्यार्थिनी. त्यांच्या पाठीशी हॉलस्टेड होल्मन हे संधिवाततज्ज्ञ होते. होल्मन यांचं म्हणणं साधं होतं. न्यूमोनिया झाला तर डॉक्टर बरं करतो आणि रुग्ण घरी जातो. संधिवातात तसं होत नाही. डॉक्टर महिन्यातून दहा मिनिटं भेटतो, बाकीचा सगळा वेळ आजार सांभाळतो तो रुग्णच. मग त्याला ते काम शिकवायला नको का?

या कामाला 'स्व-व्यवस्थापन' हा शब्द त्याआधी थॉमस क्रीर यांनी दमेकरी मुलांच्या संदर्भात वापरला होता. पुढे १९८८ मध्ये ज्युलिएट कॉर्बिन आणि अन्सेल्म श्ट्राउस या समाजशास्त्रज्ञांनी त्याचे तीन भाग दाखवले: औषधपाण्याचं काम, घरातली-नोकरीतली आपली भूमिका निभावण्याचं काम, आणि भीती, राग, उदासी यांना तोंड देण्याचं काम. तुम्ही ॲप बनवाल तेव्हा हे तीन भाग समोर ठेवा. बहुतेक ॲपं पहिल्याच भागात अडकून पडतात: गोळीची आठवण, साखरेची नोंद, संपलं.

तर लोरिग यांचा वर्ग. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, दहा-पंधरा माणसं, आणि शिकवणारे डॉक्टर नव्हेत तर प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं, त्यातल्या अनेकांना स्वतःलाच संधिवात. व्यायाम, शिथिलीकरण, डॉक्टरांशी कसं बोलावं, अशी शिकवणी. अपेक्षा सरळ होती: लोक व्यायाम करतील, म्हणून दुखणं कमी होईल.

दुखणं कमी झालं. लोक व्यायामही जास्त करू लागले. पण आकडे मांडल्यावर घोळ दिसला. ज्यांनी व्यायाम वाढवला तेच बरे झाले, असं दिसेना. वागणुकीतला बदल आणि तब्येतीतला बदल यांचा संबंध फारच कच्चा निघाला. १९८९ मध्ये लोरिग आणि सहकाऱ्यांनी हे छापलं, आणि निबंधाच्या शीर्षकातच कबूल केलं की कार्यक्रमाच्या फायद्याचं स्पष्टीकरण वागणुकीतल्या बदलाने पुरेसं होत नाही. आपला कार्यक्रम चालतो पण आपण सांगतो त्या कारणाने चालत नाही, असं शीर्षकात लिहायला धाडस लागतं. शोधनिबंध कसा लिहावा याचा नमुना म्हणून मला तो निबंध आवडतो.

मग कारण काय? त्यांनी सहभागी लोकांशी सविस्तर बोलून पाहिलं. ज्यांना फायदा झाला त्यांना वाटत होतं की आपल्या दुखण्यावर आपला थोडाफार ताबा आहे. ज्यांना झाला नाही त्यांना वाटत होतं की आपल्या हातात काहीच नाही. याच विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा होते, आणि त्यांनी १९७७ मध्ये 'सेल्फ-एफिकसी'ची कल्पना मांडली होती. वर्गाची रचना त्या कल्पनेभोवती पुन्हा बांधली गेली. प्रत्येकाने आठवड्याचा एक छोटा बेत करायचा: काय करणार, किती, केव्हा, किती वेळा. मग ० ते १० मध्ये सांगायचं, हे पार पडेल याची खात्री किती? ७ पेक्षा कमी असेल तर बेत लहान करायचा. पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर सांगायचं, झालं की नाही.

इथे थोडं थांबतो, कारण मराठीत काम करणाऱ्यांची गाडी इथेच घसरते. सेल्फ-एफिकसीचं भाषांतर सर्रास 'आत्मविश्वास' असं केलं जातं. आत्मविश्वास हा माणसाचा स्वभाव झाला. बांडुरांना अभिप्रेत आहे तो एका ठरावीक कामाबद्दलचा भरवसा. सरपंचपदाची निवडणूक लढवण्याचा आत्मविश्वास असलेल्या बाईला लग्नाच्या पंगतीत जिलेबीला नाही म्हणता येईल याचा भरवसा नसू शकतो. प्रश्नावलीत 'तुमचा आत्मविश्वास किती?' असं विचारलंत तर तुम्ही वेगळंच काही मोजत आहात. लोरिग यांच्या गटाने स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी कार्यक्रम केला तेव्हा इंग्रजी पुस्तिकेचं भाषांतर करण्याऐवजी तो स्पॅनिशमध्येच घडवला. हेही लक्षात ठेवण्यासारखं.

आता मूळ प्रश्नाकडे. १९९९ मध्ये या गटाची गाजलेली चाचणी प्रसिद्ध झाली. संधिवाताबरोबर हृदयरोग, फुप्फुसांचे आजार, पक्षाघात असे निरनिराळे आजार असलेले ९५२ लोक. कोण वर्गात जाणार आणि कोण थांबणार हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. सहा महिन्यांनी वर्गवाल्यांचा व्यायाम जास्त, थकवा कमी, स्वतःच्या तब्येतीबद्दलचं मत चांगलं, आणि रुग्णालयातले दिवस कमी. दुखणं, धाप आणि मानसिक स्वास्थ्य यात मात्र फरक नाही. हेही त्यांनी लपवलं नाही.

तुलना कशाशी होती? प्रतीक्षा यादीशी. म्हणजे दुसऱ्या गटाला सांगितलं, तुम्हालाही वर्ग मिळेल, पण सहा महिन्यांनी. यात माणुसकी आहे, कोणी वंचित राहत नाही, आणि एथिक्स कमिटी पटकन होकार देते. पण दोन अडचणी येतात. एक, थांबलेल्या माणसाला माहीत असतं की आपण थांबलो आहोत. 'वर्ग सुरू झाला की बघू' म्हणून तो स्वतःहून करायचं तेही पुढे ढकलू शकतो. दुसरी अडचण मोठी. सहा महिन्यांनी सगळ्यांनाच वर्ग मिळाला की तुलनेचा गट उरतच नाही. २००१ मध्ये याच कामाचे दोन वर्षांचे निष्कर्ष आले, ८३१ लोकांचे, पण ते लोकांच्या स्वतःच्याच सुरुवातीच्या स्थितीशी ताडलेले होते. माणसं अशा कार्यक्रमाला येतात ती बहुधा त्रास वाढलेला असतानाच. तो त्रास पुढे काही न करताही थोडा उतरतो. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. उलट बाजूने असंही म्हणता येतं की दीर्घकालीन आजार वर्षागणिक वाढतोच, तेव्हा जैसे थे राहणं हाही फायदा. दोन्ही युक्तिवाद बरोबर असू शकतात. कोणता किती बरोबर, हे सांगणारा गट मात्र तोवर विरून गेलेला.

वर्गातून पडद्यावर जायचं कारण अगदी व्यवहारी होतं. ज्याला पाठ धरली आहे, धाप लागते, जो गावाबाहेर राहतो, तो दर आठवड्याला वर्गात येणार कसा? २००२ मध्ये याच गटाने पाठदुखीच्या ५८० लोकांवरची चाचणी छापली. हे लोक अमेरिकेच्या ४९ राज्यांतले होते. एका गटाला ई-मेलवरच्या चर्चागटात घेतलं, सोबत एक पुस्तक आणि व्हिडिओ टेप. वर्षभराने त्यांचं दुखणं आणि त्यातून येणारी अडचण दुसऱ्या गटापेक्षा कमी होती.

दुसऱ्या गटाला काय मिळालं असेल? आरोग्याशी संबंध नसलेल्या, त्यांच्याच आवडीच्या एका मासिकाची वर्गणी.

हसू नका. मला हा निर्णय फार विचारपूर्वक वाटतो. प्रतीक्षा यादी ठेवली असती तर वर्षभर थांबायला लागलं असतं आणि लोक कंटाळून निघून गेले असते. काहीच दिलं नसतं तर प्रश्नावली कोण भरणार? मासिक दिल्यावर माणूस टिकतो, आपल्याला काहीतरी मिळालं असं त्याला वाटतं, आणि पाठीवर त्याचा परिणाम होणार नाही असं आपण धरू शकतो. अर्थात मासिक वाचणाऱ्याला हेही कळत असतं की आपण 'खऱ्या' गटात नाही. अशा चाचणीत डोळ्यांवर पट्टी बांधता येत नाही. गोळीसारखी दिसणारी साखरेची गोळी देता येते. चर्चेसारखी दिसणारी पण चर्चा नसलेली चर्चा कशी देणार?

आणि दुखणं किती, हे सांगणारा तोच माणूस. म्हणजे कोणाला काय मिळालं हे माहीत असलेलाच आपला आकडा भरतो. या क्षेत्रातल्या बहुतेक निष्कर्षांच्या मुळाशी हा दुबळेपणा आहे.

यानंतरचा टप्पा आहे २००४ चा, आणि आढावा-लेखन करणाऱ्या प्रत्येकाने तो माहीत करून घ्यावा. कॉक्रेन ही संस्था एकाच विषयावरच्या सगळ्या चाचण्या गोळा करून त्यांचा एकत्रित हिशोब मांडते. वैद्यकात त्या हिशोबाला मोठा मान आहे. दीर्घकालीन आजारांसाठीच्या अशा संगणकीय कार्यक्रमांवरचा कॉक्रेन आढावा ऑक्टोबर २००४ मध्ये आला. त्यात म्हटलं होतं की हे कार्यक्रम वापरणाऱ्यांचं ज्ञान वाढतं, पण तब्येतीचे निकाल उलट बिघडतात. वर्तमानपत्रांना असं काही हवंच असतं. इंटरनेटवरची माहिती तब्येतीला घातक, अशा बातम्या झाल्या.

मग लक्षात आलं की हिशोबात चुका आहेत. चाचण्या एकत्र करताना काही आकड्यांची दिशा उलटी धरली गेली होती. हे कसं होतं ते समजून घ्या, कारण तुमच्याही हातून एक्सेलमध्ये हे होऊ शकतं. एका चाचणीत मोजमाप असतं तीन महिन्यांच्या साखरेचं: आकडा कमी तर चांगलं. दुसरीत असते जीवनमानाची मोजपट्टी: आकडा जास्त तर चांगलं. दोन्ही एका तक्त्यात घालण्याआधी एकीचं चिन्ह फिरवावं लागतं. ते राहिलं, किंवा दोनदा फिरलं, की फायद्याचं नुकसान होतं. आढावा मागे घ्यावा लागला आणि दुरुस्त आवृत्ती २००५ मध्ये आली: २४ चाचण्या, ३७३९ लोक. आता निष्कर्ष असा की ज्ञान आणि सामाजिक आधार वाढतो, आणि वागणूक व तब्येत यांवरही चांगला परिणाम होत असावा. आधीच्या अगदी विरुद्ध. रॉय रॅडा यांनी नंतर या प्रकरणाचा माग काढणारा निबंध लिहिला. मूळ बातमी जितकी पसरली तितकी दुरुस्तीची पसरली नाही.

एका उणे चिन्हाचा हा प्रताप. विचार करा, त्या काही आठवड्यांत किती डॉक्टरांनी आपल्या रुग्णांना 'त्या वेबसाइटच्या नादी लागू नका' म्हणून सांगितलं असेल.

त्याच वर्षी, २००५ मध्ये, गुंथर आयझेनबाख यांनी एक निबंध लिहिला. मराठीत त्याचा मथळा 'गळतीचा नियम' असा करता येईल. आपल्याकडे शाळेतल्या मुलांच्या गळतीबद्दल आपण बोलतो, तीच ही गळती. त्यांचं म्हणणं असं: औषधाच्या चाचणीत लोक सोडून गेले की संशोधकाला लाज वाटते आणि तो ते तळटीपेत टाकतो. इंटरनेटवरच्या चाचणीत गळती हा अपवाद नसून स्वभावच आहे, तेव्हा तिलाच अभ्यासाचा विषय करा. कोण, केव्हा, कुठल्या पायरीवर गेला याचा आलेख काढा. त्यांनी दोन प्रकारही वेगळे केले. एक माणूस प्रश्नावल्या भरणं सोडतो, दुसरा प्रश्नावल्या भरत राहतो पण कार्यक्रम उघडतच नाही. दुसरा जास्त फसवा, कारण तुमच्या तक्त्यात तो 'उपचार घेतलेला' म्हणून बसलेला असतो. याच काळातलं एक उदाहरण बघा. पॅनिकच्या झटक्यांसाठीच्या, सर्वांना खुल्या असलेल्या एका १२ आठवड्यांच्या कार्यक्रमात ११६१ लोकांनी नाव नोंदवलं आणि पूर्ण केला तो १२ जणांनी.

वर्गात रिकामी खुर्ची दिसते. शिकवणारी बाई फोन करून विचारते, "का हो आला नाहीत?" पडद्यावर खुर्चीच नसते.

लोरिग यांच्या गटाला हे उमगलेलं असावं, कारण २००६ मध्ये छापलेल्या त्यांच्या इंटरनेट-कार्यक्रमाची रचना तशीच दिसते. हृदयरोग, फुप्फुसांचे आजार किंवा टाइप २ मधुमेह असलेले ९५८ लोक. ४५७ कार्यक्रमात, ५०१ नेहमीच्या उपचारांवर. कार्यक्रम खुला नव्हता. वीस-पंचवीस जणांची तुकडी एकत्र सुरू व्हायची, सहा आठवडे चालायची, दोन प्रशिक्षित संचालक, तेही बहुधा स्वतः आजारी. दर आठवड्याला नवा धडा. आपल्या सोयीने, आठवड्यातून तीनेक वेळा यायचं. बेत लिहायचा, दुसऱ्याच्या अडचणीवर उपाय सुचवायचा. म्हणजे वर्गातली खुर्ची त्यांनी जमेल तितकी पडद्यावर आणली. एका वर्षाने तब्येतीच्या मोजमापांत कार्यक्रमवाले सरस ठरले, आणि सहा महिन्यांवर ज्यांचा भरवसा वाढला होता त्यांची तब्येत वर्षाअखेर जास्त सुधारलेली दिसली.

निबंधात म्हटलंय की हे निकाल वर्गातल्या कार्यक्रमासारखेच आहेत. हे वाक्य पुढे खूप जणांनी उचललं, आणि इथे तुम्ही पेन्सिल हातात घ्यायला हवी. त्या चाचणीत कोणालाही चिठ्ठी टाकून वर्गात किंवा इंटरनेटवर धाडलेलं नव्हतं. तुलना नेहमीच्या उपचारांशी होती. 'वर्गाइतकंच चांगलं' हे दोन वेगळ्या काळातल्या, वेगळ्या माणसांवरच्या चाचण्या शेजारी ठेवून म्हटलेलं आहे. शिवाय २००६ चे सहभागी कोण? घरी इंटरनेट आणि ई-मेल असलेले, बहुतांश गोरे, बरंच शिकलेले, आणि स्वतःहून नाव नोंदवलेले. आणि कार्यक्रमवाल्यांना पुस्तक मिळालं, सोबती मिळाले, संचालक मिळाले, धडे मिळाले. यातलं काम कशाने केलं? ही चाचणी ते सांगत नाही, आणि सांगण्यासाठी ती रचलेलीही नव्हती.

इंग्लंडची हकीकत यापुढची. तिथल्या सरकारने २००१ मध्येच 'तज्ज्ञ रुग्ण' नावाने हा स्टॅनफर्डचा वर्ग देशभर न्यायचं ठरवलं. १९९९ च्या निबंधातले रुग्णालयातले कमी झालेले दिवस डोळ्यांसमोर होते. म्हणजे तब्येत सुधारेल आणि खर्चही वाचेल. स्वतःची मोठी चाचणी झाली ती नंतर. २००७ मध्ये ६२९ लोकांचे निकाल आले: भरवसा वाढला, अंगात उत्साह वाढला, पण दवाखान्याच्या फेऱ्या काही कमी झाल्या नाहीत. पुढच्या वर्षी तिथल्याच ऑनलाइन आवृत्तीचा अभ्यास आला, ५६८ लोकांचा, वर्षभराचा, निकाल उत्साहवर्धक. तुलनेचा गट? नव्हता.

तुम्ही म्हणाल, हा माणूस सगळ्यातच खोट काढतो. तसं नाही. २०१० मधली मधुमेहावरची ऑनलाइन चाचणी बघा. ७६१ लोक, आणि या वेळी अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजातल्या लोकांना आवर्जून घेतलं होतं. मुख्य मोजमाप रक्तातलं, एचबीए१सी, म्हणजे माणूस काय सांगतो यावर अवलंबून नसलेलं. सहा महिन्यांनी कार्यक्रमवाल्यांची साखर नियंत्रण गटापेक्षा सुधारलेली होती. फरक लहान होता; मुळात ज्यांचा आकडा ७ च्या वर होता त्यांच्यात तो जास्त ठळक होता. इतर बहुतेक मोजमापांत फरक नव्हता. शिवाय कार्यक्रमवाल्यांतल्या काहींना नंतरही ई-मेलने आधार चालू ठेवला होता. त्याने वेगळा काही लाभ झाला नाही. १९८० च्या दशकापासून विचारल्या गेलेल्या प्रश्नाला इतकं माफक आणि इतकं स्वच्छ उत्तर मिळायला तीस वर्षं गेली.

आणि २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मोठी चाचणी आली. यात दवाखानेच यादृच्छिकपणे वाटले होते. ५५९९ रुग्ण. कर्मचाऱ्यांना स्व-व्यवस्थापनाला मदत करण्याचं प्रशिक्षण दिलं आणि रुग्णांत फरक पडतो का ते पाहिलं. पडला नाही. इथले रुग्ण वर्गासाठी नाव नोंदवून आलेले नव्हते. ते नेहमीच्या दवाखान्यात येणारे होते. आधीच्या चाचण्यांतले लोक आणि हे लोक यांत हाच मोठा फरक, आणि तुमचं ॲप ज्यांच्या हातात जाणार आहे ते या दोन्हींपैकी कोणासारखे आहेत, हे तुमच्या सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर यायला हवं.

पुढच्या वेळी अशा चाचणीचा निबंध हातात आला तर गोषवाऱ्यातला निष्कर्ष आधी वाचू नका. आधी तो आकृतीवजा तक्ता उघडा, ज्यात किती जणांना विचारलं, किती आले, कुठल्या गटात किती गेले आणि शेवटी किती उरले ते चौकटींत लिहिलेलं असतं. मग पद्धतीच्या भागात जाऊन शोधा, दुसऱ्या गटाला काय मिळालं: नुसती वाट, नेहमीचे उपचार, पुस्तक, की मासिकाची वर्गणी. त्यानंतर निष्कर्षाकडे वळा.